ओल्या वातीचा पारा

"वात कोरडी पडू द्यायची नाही, सूनबाई. बाकी एखादा आकडा चुकला तर आभाळ कोसळणार नाही."

मामंजींना, म्हणजे शामरावांना, जाऊन महिना होत आला, तरी फणसवाडीतल्या त्या चाळीचा शेवटचा जिना चढताना बकुळाच्या कानात हेच वाक्य वाजायचं. गच्चीच्या कोपऱ्यात चार पायांवर उभी असलेली पांढरी लाकडी पेटी ही मामंजींची घरगुती वेधशाळा. दर उन्हाळ्यात मृग लागेपर्यंत ते रोज सकाळी पारा बघायचे आणि महिना संपला की सरासरी काढून जिन्याजवळच्या फळ्यावर लिहायचे. पेटीत दोन तापमापक. एक कोरडा. दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीची वात गुंडाळलेली, आणि वातीचं टोक खालच्या काचेच्या वाटीतल्या पाण्यात. ओला पारा नेहमी कोरड्याच्या खालीच राहणार, माठातलं पाणी गार होतं तसंच हे, असं मामंजींनी तिला समजावलं होतं. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी वचन घेतलं, निदान हा उन्हाळा पुरा कर. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात थेंब घ्यायचा नाही हा बकुळाचा नेम होताच. त्याला आणखी एक जिना जोडला गेला.

पण एप्रिलभर त्या पेटीने तिला नुसता वैताग आणला. कोरडा पारा ब्याऐंशी, त्र्याऐंशी फॅरनहाइट. ओला अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. आजही तोच, उद्याही तोच.

"उलटं वाचत असशील," तिचा नवरा जगदीश म्हणाला. तो संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मोर्च्यासाठी फलक रंगवत बसला होता. जानेवारीतल्या गोळीबारापासून त्याचं घरात लक्षच नव्हतं.

"एकदा वर येऊन बघता का?"

"बघतो गं. आधी हा 'महाराष्ट्र' वाळू दे."

दोन दिवसांनी तो वर आला, बघितलं, आणि तिच्यावरच चिडल्यासारखा तो तापमापक काढून ठाकूरद्वारच्या दुकानात घेऊन गेला. तिथे पारा शहाण्यासारखा ब्याऐंशीवर. घरी आणून पुन्हा वात गुंडाळली, तर अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. मग त्याने दोन्ही तापमापकांची अदलाबदल केली. ज्याला वात, तो अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार.

"कापड बदल," असं सांगून तो सभेला गेला. बकुळाने कापड बदललं. काही फरक नाही.

महिनाअखेरीला तिने जे होतं तेच फळ्यावर लिहिलं. खोटं लिहिणं तिच्याने होईना. शेजारच्या गंगुबाई पापडाचं पीठ कुटता कुटता थांबल्या.

"हा हवेचा आकडा म्हणायचा का कुणाच्या अंगाचा? आमच्या डॉक्टरांच्या थर्मामीटरवर या आकड्याला लाल खूण असते हो. ताप नाही, माणूस धडधाकट."

"यंत्र बिघडलंय."

"मग शामरावांना सांगा दुरुस्त करायला," गंगुबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. संध्याकाळी पोरांनी फळा पुसून सभेची सूचना लिहिली. बकुळाला पहिल्यांदाच त्यांचा राग आला नाही.

मे महिन्यात गच्चीची फरशी तव्यासारखी तापू लागली. गंगुबाईंच्या कुरडया दुपारपर्यंत खडखडीत वाळत. बकुळा रोज पळी-भांडं घेऊन वर जायची, पेटीचं दार उघडायची आणि तशीच परत यायची. वाटी काठोकाठ भरलेली.

"तुम्ही घालता का हो पाणी तिथे?" तिने गंगुबाईंना विचारलं.

"मी कशाला मरायला त्या पेटीत हात घालू?"

तेव्हा तिला आठवलं, की आपणही घातलेलं नाही. सुरुवातीला एकदा घातलं, ते शेवटचं. आणि ते पाणी कुठलं, हेही आठवलं.

तिच्या लग्नात आईने काशीहून आणलेला गंगेचा गडू तिच्या ओटीत घातला होता. "मला मुलगा नाही. शेवटचं पाणी तू पाजायचंस, याच गडूतलं." पण मामंजी आधी गेले. घरात दुसरा गडू नव्हता, तेव्हा तिने हाच फोडला. तुळशीपत्रावरून दोन थेंब त्यांच्या तोंडात गेले. तिसरा ओठांवरून परत गडूत ओघळला. तेराव्यानंतर घर धुताना तो अर्धा गडू हाती लागला. मर्तिकाला लागलेलं पाणी देवघरात ठेवायचं कसं? गंगा मोरीत ओतायची कशी? वाटीला स्वच्छ पाणी हवंच होतं. तिने ते तिथे ओतलं होतं.

पुढच्याच आठवड्यात लालबागहून गुणाजी आला. तिच्या माहेरच्या गावचा, मिलमधला. दारातच उभा राहिला.

"आवशीक बरा नाय, बायो. पाणी तुज्याच हातचा होया म्हणता. शेवटची बोट गाठ. मगे दर्या बंद."

पावसाळा लागला की कोकणच्या बोटी बंद. मग नारळी पौर्णिमेशिवाय मालवण नाही.

"जा ना मग," जगदीश म्हणाला. "वात मी भिजवीन."

"तुम्ही विसराल."

"आई तिकडे जीव मुठीत धरून बसलीय आणि तू एका चिंधीपायी अडलीस?"

मामंजी आणि आई, दोघांनीही वचनं घेऊन ठेवली होती आणि पाणी एकच होतं. मेलेल्या माणसावर रागावता येत नाही, याचाच तिला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओला पारा शंभरावर होता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी एकशे दोन.

बोटीच्या दिवशी ती ट्रंक खाली ठेवून वर गेली. हातात लहान बाटली होती, धुऊन कोरडी केलेली. दार उघडलं. एकशे चार. शेवटच्या रात्री मामंजींच्या काखेतून काढलेल्या थर्मामीटरवर आकडा हाच होता.

"मामंजी," ती हळूच म्हणाली, "हे पाणी आईचं आहे. मला जाऊ द्या."

वातीचं टोक पाण्यात हललं. वारा नव्हता.

तिने वाटी बाटलीत रिकामी केली. थेंब न थेंब. मग वात सोडवून तीही आत घातली. कोरडी पडू द्यायची नाही, असं सांगितलं होतं. कुठे ठेवायची, ते नव्हतं सांगितलं.

बूच घट्ट बसवलं.

टांग्यात बसताना गच्चीवरून जगदीशची हाक आली. "बकुळा, अगं, दोन्ही ब्याऐंशी! सुधारलं बघ!"

तिने मान हलवली. बाटली पदराखाली, छातीशी होती. कोमट लागत होती. उन्हाने असेल.

भाऊच्या धक्क्यावर ती सावलीत बसली. खाऱ्या वाऱ्याने अंगावर काटा आला, पण बाटली तशीच कोमट होती. तिने पदर जरा बाजूला करून पाहिलं. पाण्यात वात हळूच वर येत होती, थांबत होती, पुन्हा खाली जात होती. गाढ झोपलेल्या माणसाची छाती हलते तशी.

भोंगा झाला. तिने पदर पुन्हा नीट केला, ट्रंक उचलली आणि आईला पाणी पाजायला बोटीच्या फळीवर पाय ठेवला.