सत्तेचाळिसावी तळटीप

“संपादकाच्या प्रेमात तेवढी पडू नकोस गं बाई,” ताईनं तिला बजावलं होतं. “नवरे चुका विसरतात तरी. संपादक खाली रेघ मारून ठेवतो.”

तिनं तो सल्ला या कानानं ऐकला आणि त्या कानानं सोडून दिला. ताई दातांची डॉक्टर. दिवसभर समोरच्याचं तोंड उघडं ठेवून एकटीच बोलायची, त्यामुळे आपलं कुणी ऐकत नाही हे तिच्या लक्षातच येत नसे. आणि प्रेमात पडायला इथं वेळ होता कुणाला? साडेतीन वर्षांची लेक, मध्येच सुटलेलं आणि पुन्हा हाती धरलेलं कायद्याचं शेवटचं वर्ष, आणि ‘एकटी कशी गं करतेस सगळं?’ असं विचारून उत्तराआधीच निघून जाणारे नातेवाईक... प्रेमाला उभं राहायलासुद्धा जागा नव्हती.

पण त्या दिवशी पाळणाघरात पावसाचं पाणी शिरलं, आणि लेकीला कॉलेजात न्यावं लागलं.

लेकीला सगळे ‘बटण’ म्हणत. कारण दिसलं बटण की ते दाबायचं, हा तिचा एककलमी कार्यक्रम. झेरॉक्सच्या खोलीत आई छत्री झटकायला वळली, तेवढ्यात पोरीनं स्टुलावर चढून यंत्राच्या काचेवर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हातानं हिरवं बटण दाबलं. दाबूनच ठेवलं.

यंत्र सुरू झालं. एक हात. दुसरा हात. मग हातच हात...

“अहो, अहो — माझी मुद्रितं आहेत त्यात!”

दारातून एक उंच, भिजलेला तरुण धावत आला. चष्म्याच्या काचांवर थेंब. त्यामुळे त्याला काही दिसत होतं की नाही, देव जाणे. त्यानं ट्रेमधला वरचा कागद उचलला. त्यावर इवलीशी पाच बोटं होती.

“हा लेख... कुणाचा?”

ती ओशाळली. पण ओशाळल्यावर गप्प बसायचं, हे तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. “हिचा. वय वर्षं साडेतीन.”

“विषय?”

“स्वतःचा हात.”

“मूळ साधन तपासलंय?”

“म्हणजे?”

तो खाली वाकला. बटणचा हात त्यानं अलगद धरून कागदावर ठेवला आणि एकेक बोट चित्रावर जुळवून पाहिलं. अगदी गंभीरपणे, जणू सर्वोच्च न्यायालयात पुरावा दाखल व्हायचा होता.

“जुळतंय,” तो म्हणाला. “छापायला हरकत नाही.”

आणि मग त्यानं चष्मा पुसून तिच्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ. बाहेर पाऊस पन्हाळीतून धो धो कोसळत होता. आत एक यंत्र अजूनही हात छापत होतं, आणि ते बंद करायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

तो विद्यार्थ्यांच्या जर्नलचा मुख्य संपादक होता. आंतरराष्ट्रीय आणि तौलनिक कायदा, म्हणजे इथल्या न्यायालयानं काय केलं आणि तिथल्यानं काय केलं, शेजारी शेजारी ठेवून पाहणं. लेख निवडायचे विद्यार्थ्यांनी, तपासायचे विद्यार्थ्यांनी, छापायचेही त्यांनीच. कार्यालय जिन्याखाली. वर कुणी पळत गेलं की खाली सगळ्यांच्या चहात चुना पडायचा.

“तुम्हाला एखादी परकी भाषा येते का?” त्यानं दुसऱ्याच भेटीत विचारलं.

येत होती. लग्नानंतर ती दूरच्या एका बेटावरच्या देशात राहिली होती. नवरा तिथंच राहिला. लेक आणि भाषा तेवढ्या तिच्याबरोबर परत आल्या.

“मग आम्हाला तुम्ही हव्यात,” तो म्हणाला आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. “म्हणजे — जर्नलला. जर्नलला हव्यात.”

असं तो नेहमीच वाक्याच्या मध्ये थांबायचा. तिनं आठवड्याभरातच त्याचं नाव ‘अर्धविराम’ ठेवलं. त्यानं तिला ‘तळटीप’ म्हणायला सुरुवात केली, कारण सगळ्यांचं बोलून झालं की ती खालच्या आवाजात एकच वाक्य टाकायची आणि वरचं सगळं उलटंपालटं व्हायचं.

“आज तळटीप गप्प का?”

“वरचा मजकूर वाचण्याजोगा नाही, म्हणून.”

“आणि मजकुरानं... केस विंचरले असते तर?”

“तर दुसऱ्या आवृत्तीचा विचार केला असता.”

दुसऱ्या दिवशी तो चक्क केस विंचरून आला. जिन्याखालची सगळी मंडळी खोकली. त्याच्या टेबलाच्या वर तो पाच बोटांचा कागद टाचलेला होता, आणि त्याबद्दल तिनं काहीच विचारलं नाही. काही गोष्टी न विचारता जास्त छान दिसतात.

जर्नलचा एकच कडक नियम होता. लेखातली प्रत्येक तळटीप एका विद्यार्थ्यानं मूळ साधन हातात घेऊन तपासायची आणि त्या टिपेसमोर आपली सही करायची. एक जरी टीप सहीविना राहिली, तरी लेख छापायचा नाही. लेखक कितीही मोठा असो.

आणि लेखक मोठा निघाला.

विभागप्रमुख सरांना मुलं पाठीमागे ‘खंडपीठ’ म्हणत, कारण ते एकटेच असून कायम ‘आम्ही’ म्हणायचे. त्यांचा लेख आला तो घटस्फोटानंतर मुलं कुणाकडे राहावीत, यावर. सरांचे लेख वकील न्यायालयात उघडून ठेवत. त्यामुळे जिन्याखाली आनंदीआनंद झाला. सत्तेचाळिसावी टीप तिच्या वाट्याला आली. त्या बेटावरचाच एक निकाल.

तिनं तो मुळातून वाचला. पुन्हा वाचला. मग खुर्ची मागे सारून उभी राहिली.

“हा शब्द ‘ताबा’ नाही.”

अर्धविराम तिच्या खांद्यावरून वाकला. “मग काय आहे?”

तिनं तो शब्द उच्चारला. त्यानं म्हणून पाहिला आणि त्याची जीभ घसरून पडली.

“बटणच्या तिथल्या पाळणाघरात रोज ऐकायचे मी हा,” ती म्हणाली. “एक बाई दमली की दुसरी यायची आणि हा एकच शब्द म्हणायची. ‘आता मी बघते, तू जा.’ एवढं सगळं त्या एका शब्दात. ताबा घराचा घेतात, गाडीचा घेतात. हा सांभाळ आहे, तोही आळीपाळीनं करायचा. त्यातली आई बोटीवर नोकरीला जायची. न्यायालय म्हणतंय, ती बोटीवर असेल तेव्हा बापानं बघावं, तो कामावर असेल तेव्हा तिनं. आणि सर काय लिहितात? ‘घराबाहेर पडणारी आई मुलावरचा ताबा सोडते, हे तत्त्व आपणही स्वीकारावं.’”

“त्यांनी मूळ वाचलंच नाही?”

“भाषांतराचं भाषांतर वाचलंय. उद्या हे पान कुठल्या तरी वकिलाच्या हातात असेल, आणि समोर माझ्यासारखी एखादी उभी असेल.”

त्यानं चष्मा काढला आणि पुसत बसला. त्याला कसली काळजी पडली आहे, हे तिला ठाऊक होतं. बटणच्या तापांमुळे तिची हजेरी कमी भरली होती. परीक्षेला बसायचं तर सरांची परवानगी हवी होती, आणि तिचा अर्ज सरांच्याच टेबलावर पडून होता.

“एक करूया,” तो हळूच म्हणाला. “ही टीप मी माझ्याकडे घेतो. दुरुस्ती माझ्या नावानं जाईल. तुमचं नाव कुठंच नको. तुम्ही परीक्षा द्या...”

तिच्या मस्तकात तिडीक गेली.

“वाचलं मी. समजलं मला. आणि नाव तुझं? तू कोण रे मला झाकून ठेवणारा? माझा पण ताबा घेतोयस का?”

जिन्यावरून कुणीतरी धाडधाड खाली उतरलं. दोघांच्या मध्ये थोडा चुना पडला.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. मग चष्म्याआडून, भीत भीत — “पण एक गोष्ट बरी झाली.”

“काय?”

“तुम्ही मला ‘तू’ म्हणालात.”

तिला हसू येत होतं आणि हसायचं मुळीच नव्हतं. तिनं छत्री उचलली आणि पावसात चालू लागली. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की छत्री उघडायचीच राहिली आहे.

सरांनी दोघांना बोलावलं. खोलीत पंखा गरगरत होता. टेबलावर एका बाजूला लेख, दुसऱ्या बाजूला तिचा अर्ज.

“आम्ही हा लेख तीन देशांत वाचून दाखवला आहे,” सर म्हणाले. “कुणीही आक्षेप घेतला नाही.”

“त्या तिन्ही देशांत कुणाला ही भाषा येत नसेल, सर.”

“तुझा अर्ज आमच्यापुढे आहे, हे माहीत आहे ना?”

बटणचा चेहरा डोळ्यांसमोर आला. ताईचा आला, सगळ्या नातेवाइकांचा आला: ‘सांगत होतो, एकटीला झेपायचं नाही.’ तिनं पदर सावरावा तसा आपला आवाज सावरला.

“माहीत आहे, सर. पण तो अर्ज वेगळा आणि ही टीप वेगळी. एका सहीच्या बदल्यात दुसरी सही मी देणार नाही.”

सर अर्धविरामाकडे वळले. “तू मुख्य संपादक आहेस. तूच सही कर आणि विषय मिटव.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहवेना. आता हा पुढे होणार, तिच्यासाठी भांडणार, बाजू घेणार, झाकणार...

“मला नाही करता येणार, सर,” तो म्हणाला. “मला ती भाषा येत नाही.” आणि थोडं थांबून — “तिला येते.”

बस्स, एवढंच. ना भाषण, ना शौर्य. पण त्या ‘तिला येते’मध्ये असं काही होतं की पंख्याच्या वाऱ्यातही तिचे कान तापले.

सरांनी लेख परत घेतला. तिचा अर्ज तसाच राहिला. आणि जिन्याखालची खोली ‘झाडू-बादल्या ठेवण्यासाठी’ हवी असल्याचं पत्रही आलं. मंडळींनी टेबल उचलून जिन्यावरच मांडलं. अंक निघाला. त्यात पहिल्याच पानावर त्या शब्दावरचं तिचं टिपण होतं, तिच्या पूर्ण नावासकट. सरांनी आपला लेख दुसरीकडे छापून आणला म्हणे. आणू देत. आता तो न्यायालयात उघडणाऱ्याच्या समोर कुणीतरी तिचंही पान उघडणार होतं.

परीक्षा मात्र हुकली. सगळे पेपर देत होते तेव्हा ती जिन्यावर बसून पुढच्या सत्राचा अभ्यास करत होती. ताईनं फोनवर खूप ऐकवलं, आणि शेवटी म्हणाली, “बरं केलंस. पण दात घट्ट आवळून बसू नकोस, झिजतात.”

शेवटच्या पेपरच्या दुपारी अर्धविराम धावत आला. बोटांना शाई, केस पुन्हा विस्कटलेले. बटण तिच्या मांडीवर पेंगत होती. पुस्तक कसंबसं गुडघ्यावर तोललेलं. तो समोर उभा राहिला आणि त्यानं श्वास घेतला.

आणि तो शब्द म्हणाला. तिकडचा. अडखळत, पण अख्खा.

आता मी बघतो, तू जा.

त्यानं बटणला अलगद आपल्या खांद्यावर घेतलं. पोरीनं झोपेतच त्याच्या शर्टाचं बटण दाबून पाहिलं.

“उच्चार चुकला,” ती म्हणाली.

“कुठं?”

“मध्येच थांबलास. तिथं विराम नाही.”

“मग एक वाक्य... न थांबता म्हणू?” तो म्हणाला, आणि लगेच थांबला.

“म्हण की.”

“मला तू आवडतेस आणि ही आवडते आणि मला कसलाही ताबा नको फक्त आळीपाळीतली माझी वेळ हवी कायमची.”

एकही विराम नव्हता. धाप लागली बिचाऱ्याला.

तिनं त्याचा मोकळा हात हातात घेतला. आपला तळहात त्यावर ठेवला आणि एकेक बोट जुळवून पाहिलं. करंगळी जुळेना, त्याची बरीच लांब होती.

“मूळ साधन तपासलं,” ती म्हणाली. “किरकोळ दुरुस्ती लागेल. छापायला हरकत नाही.”

मग पुस्तक उचलून ती वाचनालयात गेली. अभ्यासाला. प्रेम प्रेमाच्या जागी; पुढच्या सत्रात ती खंडपीठाच्या नाकावर टिच्चून पेपर देणार होती.

आता तुमच्याकडे एक काम आहे. तुमच्या जवळच्या एखाद्या वाचनालयात, जिन्यावर, कोपऱ्यात अशीच कुणी बसली असेल. दोन खुर्च्या जोडून शेजारी लेकरू निजवलेलं, एक डोळा पुस्तकात आणि एक त्याच्या श्वासावर. जरा डोकावून या. ‘बरी आहेस ना?’ विचारलंत तर ती ‘हो’ म्हणेल. त्यावर विश्वास ठेवू नका. शेजारची खुर्ची ओढा, बसा, आणि एवढंच म्हणा: आता मी बघते, तू जा.