सातवी शिफारस

आमच्या साप्ताहिकात दर शुक्रवारी ‘कोणता सिनेमा पाहाल?’ असं सदर यायचं आणि त्याखाली ‘श्यामसुंदर’ असं नाव असायचं. हा श्यामसुंदर कधी जन्मालाच आला नव्हता. आधी ते सदर प्रेमा वैद्य लिहायची. सत्तावन्न साली तिनं ते सोडलं आणि माझ्याकडे आलं. संपादक भाऊ सामंत पहिल्याच दिवशी मला म्हणाले, “कुंदा, लिही झकास, पण नाव श्यामसुंदरच राहील हं. बाईनं सुचवलेला सिनेमा बघायला कोण जाणार?” काही म्हणायचंय का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी “काही नाही” म्हटलं. तेविसाव्या वर्षी, मुलुंडला भावाच्या घरी राहणारी मुलगी काय बोलणार?

तुम्ही मघाशी विचारलंत ना, मी इतकी भांडखोर कधीपासून झाले म्हणून? तर त्या वर्षीच्या ऑक्टोबरातल्या एका दुपारपासून. दिवा असाच राहू द्या. सांगते.

दिवाळीच्या आधी भाऊंनी मला एक काम दिलं. “पुढच्या काळावरचे सिनेमे. शंभर वर्षांनी जगाची कशी वाट लागेल, असले. सात नावं सुचव, प्रत्येकावर चार ओळी.” फिल्म सोसायटीत पाहिलेले परदेशी सिनेमे आठवून मी सहा काढले. एकात माणसांना झोपायलासुद्धा परवाना लागायचा. एकात सगळं शहर काचेखाली होतं आणि वारा म्हणजे काय हे आठवणारी एकच म्हातारी उरली होती. सातवा काही सुचेना. म्हणून मी घाटकोपरला प्रेमाकडे गेले.

प्रेमानं सदर का सोडलं, हे ऑफिसात कुणी सांगत नसे. “तब्येत,” एवढंच. तिच्या आईनं, रत्नप्रभाकाकूंनी, दार उघडलं. प्रेमा खिडकीशी बसली होती. केस विंचरलेले, डोळ्यांवर चष्मा, पदर नीट, उजव्या हाताला पट्टी. एखादा सिनेमा भिकार निघाला तर चालू खेळात मोठ्यानं ‘अरे, बंद करा!’ म्हणून ओरडणारी ही मुलगी.

“प्रेमा, कशी आहेस गं?”

“काही नाही.”

“रागावलीस का माझ्यावर? तुझं सदर मी घेतलं म्हणून?”

“काही नाही.”

तोच स्वर, तोच ठेका. जणू भिंतीआडून दुसरंच कुणी बोलत होतं.

काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि पदर तोंडाला लावला. “जूनमध्ये कुठलासा सिनेमा बघून आली, तेव्हापासून हे असं. जेवतेस का? काही नाही. दुखतंय का? काही नाही. अगं, परवा स्टोव्हवर हात भाजला तिचा. एवढा फोड आला. मी किंचाळले, आणि ही माझ्याकडे बघून… तेच.”

त्यांनी मला प्रेमाची वही दाखवली. भाऊंनी हीच यादी आधी तिला करायला सांगितली होती, हे मला तेव्हा कळलं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, ‘सातवा. अंधेरी, चकाल्याच्या अलीकडे बंद स्टुडिओ. गुणाजीला भेटणे. सिनेमाला नाव नाही. सुचवावाच.’ शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

“मी जाऊन बघते,” मी म्हटलं.

“नको गं बाई! तुझंही असं झालं तर?”

“काकू, तिनं सुचवायचं ठरवलं होतं. ते अर्धं राहिलंय.”

बोलले खरी, पण जिना उतरताना मी कठडा सोडला नाही.

दोनच दिवसांनी शनिवार होता, आणि शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असे. कुर्ल्याहून बस पकडून मी अडीचच्या सुमारास चकाल्याच्या अलीकडे उतरले. डांबरावर ऊन मावत नव्हतं. भातशेतांच्या पलीकडे ताडाची झाडं आणि त्यांच्यात पत्र्याचं एक लांबट गोदाम. तोच स्टुडिओ. फाटकाशी एक म्हातारा तंबाखू मळत बसला होता. हाच गुणाजी. पूर्वी गिरणीत होता, मग इथे सिनेमाचं मशीन चालवायला लागला. स्टुडिओ बंद पडला, मालक गेले, हा राहिला.

“सिनेमा बघूक इलात?” त्यानं मी काही विचारायच्या आतच म्हटलं. “ती चष्म्यावाली बाय इल्ली जूनात. तशीच दिसतास तुमी, वही घेऊन.”

“हा सिनेमा केला कुणी?”

“चंद्रप्रकाश साहेबान. धा वर्सां झाली. पुढची मुंबई कशी होतली, ता दाखवलेला. आतल्या खोलयेत त्येनी मोठ्या मोठ्या लोकांका दाखवल्यान. पंचवीस माणसां होती. खेळ सपलो, तसो एकेकाक इचारल्यान, ‘कसो वाटलो? काय तरी तक्रार सांगा.’ कोण काय बोलाक नाय. ‘काही नाही, काही नाही’ म्हणत उठले नि गेले. साहेब थयच बसान ऱ्हवलो. सांजेक मी दिवो लावूक गेलंय, तर थंड पडलेलो.” त्यानं तंबाखू तोंडात टाकली. “बघा तुमी. पण मी मशीनपाशी आसतंय. माका पडदो दिसता. बसणारी माणसां दिसनत नाय.”

“बसणारी? मी एकटीच आहे ना?”

त्यानं उठून आतलं दार उघडलं.

खोलीत वेताच्या खुर्च्या होत्या, चार रांगा. दार लागलं आणि बाहेरची दुपार कुणी कापून टाकावी तशी तुटली. फिल्म चिकटवायच्या औषधाचा वास भरून राहिला होता, पिकलेल्या केळ्यांसारखा. मागे मशीन घरघरू लागलं.

पडद्यावर एक रांग आली. नुसती रांग. रस्त्याच्या कडेनं, पुलाखालून, एका उंच इमारतीच्या जिन्यावर. शेवटी एक टेबल आणि त्यामागे टोपीवाला कारकून. त्याचा चेहरा दिसत नव्हता, टोपी आणि टाक एवढंच. प्रत्येकाला तो विचारी, “तुमची तक्रार?” प्रत्येक जण म्हणे, “काही नाही.” मग तो हातावर शिक्का मारी आणि माणूस पुढच्या दारातून आत जाई. त्या दारातून परत कुणी येताना दिसत नव्हतं. मधेच कारण नसताना दोन गाणी झाली. मग पुन्हा रांग. मला आधी कंटाळा आला. मग लक्षात आलं, की खूप वेळ माझ्या पापण्या लवल्या नव्हत्या.

आणि रांगेत मला प्रेमा दिसली.

चष्मा लावलेली, पदर नीट. दहा वर्षांपूर्वी काढलेल्या सिनेमात. ती टेबलापाशी आली आणि तिनं उजवा हात पुढे केला. हातावर फोड होता. चार दिवसांपूर्वीचा.

“तुमची तक्रार?”

“काही नाही,” प्रेमा म्हणाली, आणि कारकुनानं त्या फोडावर शिक्का दाबला.

मी खुर्चीत पुढे सरकले. प्रेमा दारापाशी जाऊन उभी राहिली. रांग संपली होती. टेबलासमोर कुणी नव्हतं. तरी कारकुनानं टाक बुडवला आणि टोपी किंचित वर झाली.

“पुढचे…”

माझ्या शेजारची खुर्ची करकरली. मग मागची. मग सगळ्याच, हळूहळू, माणसं सावरून बसतात तशा. मानेवर गार श्वास लागला. केळ्यांचा वास आता कुजका येत होता.

“म्हणा ना…” कानाशी कुणी कुजबुजलं.

“काही नाही म्हणा… सुटाल…”

“सगळे म्हणतात… आम्हीही म्हटलं…”

आणि डाव्या बाजूला, अगदी जवळ, प्रेमाचा आवाज. “कुंदा… म्हण गं… काही नाही म्हण…”

“तुमची तक्रार?” पडद्यावरून पुन्हा आलं. या वेळी जरा मोठ्यानं.

खरं सांगते, मी म्हणणारच होते. जीभ आपोआप टाळूला लागली होती, ‘का’ ओठांपर्यंत आला होता. आणि तेव्हाच मला कळलं, की जिभेला हे सवयीचं आहे. भाऊंसमोर मी हेच म्हटलं होतं. चार वर्षांपूर्वी दादानं माझा पुण्याचा कोर्स बंद केला तेव्हाही हेच. हे दोन शब्द मी इतक्या वेळा म्हटले होते, की त्यांची चवसुद्धा ओळखीची झाली होती. भीती होतीच. पण तिच्याखालून असा काही संताप वर आला, की मी उभीच राहिले.

“आहे!” मी ओरडले. “तक्रार आहे. लिहून घ्या!”

टाक थांबला. सगळी कुजबुज थांबली.

“माझं नाव कुंदा प्रधान. मी लिहिते आणि खाली दुसऱ्याचं नाव येतं, ही तक्रार आहे. प्रेमाचा हात भाजला आणि तिला आईगं म्हणता येत नाही, ही तक्रार आहे. आणि ज्या माणसानं हा सिनेमा काढला, त्याला पंचवीस जणांतल्या एकानंही तोंडावर काही सांगितलं नाही, ही सगळ्यांत मोठी तक्रार!” माझा आवाज फाटत होता. “मी सांगते, चंद्रप्रकाशसाहेब! तुमचा सिनेमा लांबलाय. मधली गाणी काढून टाका. पण मला घाम फुटलाय, आणि बाहेर जाऊन मी शंभर लोकांना सांगणार आहे, जा आणि बघा म्हणून! शिक्का मारायचाय? मारा!”

पहिल्या रांगेत कुणीतरी लांब, थरथरता श्वास सोडला. खूप वर्षं धरून ठेवल्यासारखा. पडद्यावर प्रेमा वळली. तिचं तोंड उघडलं… आणि फट्कन आवाज होऊन पडदा पांढरा झाला.

“फिल्लम तुटली!” गुणाजी मागून ओरडला. त्या पांढऱ्या उजेडात मी वळून पाहिलं. चारही रांगा रिकाम्या होत्या.

मी तिथून थेट घाटकोपरला गेले. जिन्यातच काकू भेटल्या, रडत आणि हसत. “अगं, साडेतीनच्या सुमाराला एकदम किंचाळली! ‘आई, हात भाजला!’ चार दिवसांनी! तेव्हापासून थांबतच नाहीये.” आत प्रेमा हात पाण्यात बुडवून रडत होती. स्टोव्हला, डॉक्टरला आणि भाऊ सामंतांना ती एका दमात शिव्या देत होती. मी दारातच खाली बसले आणि मीही रडले.

सोमवारी मी भाऊंच्या टेबलावर यादी ठेवली. सात सिनेमे. सातव्याला चारऐवजी चाळीस ओळी, आणि खाली, ‘प्रेमा वैद्य, कुंदा प्रधान.’

“हे काय गं?” भाऊ म्हणाले.

“नावं.”

“अगं, पण वाचक काय म्हणतील…”

“मग पुढच्या आठवड्याचं श्यामसुंदरकडून लिहून घ्या. बघा येतो का तो.”

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नावं छापून आली. दादानं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मी त्याला म्हटलं, “दोनच दिवस? मी चार वर्षं गप्प होते.”

लोक अंधेरीला जाऊ लागले. गुणाजी तुटलेली फिल्म चिकटवून दर रविवारी दुपारी खेळ लावी. प्रेमा आणि मी दाराशी उभ्या राहायचो आणि नियम केला होता, की काहीतरी बोलल्याशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही. शिव्या द्या, पण बोला. मालाडहून, चेंबूरहून माणसं यायची आणि अंगणात तासतासभर भांडायची. कुणाला काही झालं नाही. पडद्यावर प्रेमा पुन्हा कधी दिसली नाही.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये गुणाजी स्वतः ऑफिसात आला. मी त्याला कधी स्टुडिओबाहेर पाहिलं नव्हतं. तो मला तसाच स्टुडिओत घेऊन गेला आणि मशीनच्या खोलीत फळीपाशी उभं केलं.

“साहेब गेलो तेव्हा फिल्लमचे नऊ डबे होते, बाय. मोजा आता.”

मी मोजले. अकरा.

“दुसऱ्या कुठल्या सिनेमाचे असतील.”

“नाय. धाव्वो डबो मी लावून बघितलंय. तोच टेबल, तोच टोपीवालो. पण माणसां येगळी. नि रांगेत कोण गप नाय. सगळी आरडतत.” त्यानं कमरेची चावी पुढे केली. “हय कॅमेरा नाय, फिल्लम धुवूची जागा नाय. चावी माझ्याकडे एकट्याकडे.”

अकरावा डबा फळीच्या टोकाला होता, बाकीच्यांपासून जरा लांब. भर दुपारीही ती खोली गार वाटत होती. पण मी गप्प बसायचं सोडून दिलं होतं.

“लावा,” मी म्हटलं. “बघू काय म्हणतात ते.”

गुणाजीनं झाकण उघडलं, फिल्मच्या कडेवर अंगठा ठेवला, आणि तो अंगठा मला दाखवला. त्यावरून पाण्याचा एक थेंब हळूच ओघळला.

“आज नाय लागाची, बाय,” तो म्हणाला. “अजून ओली आसा…”