हिरवा कोट परत येतो

"चोरी झालीय," विश्वस्त म्हणाले. "सिनेगॉगच्या दानाच्या कपाटातून."

"त्यातून कुणीही काहीही न्यावं, असाच नियम आहे ना?" वहिनींनी विचारलं.

"आहे."

"मग चोरी करतात कशी?"

भावजींनी वहीत 'चोरी : अवघड' असं लिहिलं.

वहिनी खाजगी गुप्तहेर. भावजी त्यांचे दीर आणि मदतनीस. वर्षापूर्वी वारलेल्या थोरल्या भावाचा करडा कोट ते घालत. रस्त्यात लोक मागून भावाच्याच नावाने हाक मारत आणि भावजी ओ देत. घरात हा विषय निघत नसे.

सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाच्या, भिंतीतल्या त्या कपाटाला दोन दारं होती. देणाऱ्याने आतल्या दाराने ठेवायचं, घेणाऱ्याने बोळातल्या दाराने न्यायचं. कुणी दिलं ते घेणाऱ्याला कळू नये, कुणी नेलं ते देणाऱ्याला. ज्यू लोकांच्या त्सदाकात, म्हणजे दानधर्मात, ही फार वरची पायरी.

"तीन आठवडे तोच हिरवा कोट परत येतोय," विश्वस्त म्हणाले. "रखवालदार चांगले कोट विकतो आणि जागा भरायला हाच टांगतो. त्याला म्हटलंय, शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, लागायच्या आधी वरची खोली रिकामी कर. मुलीसकट."

"तोच कोट कशावरून?"

"उजव्या खिशाला भोक होतं. किल्ल्या टाकल्या की अस्तरात उतरतात, मग खालची शिवण चाचपत बसा. आता तेही बुजवलंय."

वहिनींनी कोट पाहिला. बटणं मेण लावलेल्या जाड दोऱ्याने पक्की केलेली. फाटलेलं अस्तर बारीक टाक्यांनी जोडलेलं, प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ. खिशाला आतून खळीने चिकटवलेली कापडी पट्टी.

रखवालदाराचा उजवा हात लुळा होता.

"कोट कोण नेतं, बघितलंत?"

"बघितलं."

"कोण?"

"ते सांगायचं नसतं."

"खोली जाईल."

"हो," तो म्हणाला. खोली शेजाऱ्याची असावी, असं.

बोळात तिघं राहत. चांभार दोऱ्याला मेण लावत होता, ओठ निळे. "थंडी मला बाधत नाही. आणि कोट कुठला? तो हिरवा तर मी पाहिलेलाच नाही."

निवृत्त नर्सने चार झगे एकावर एक घातले होते. "फॅशन आहे," ती म्हणाली. "जखमा शिवण्यात जन्म गेला. आता कोण विचारतं?"

पुस्तकं बांधणाऱ्याच्या वाटीत खळ गोठली होती. "गोठली की सुट्टी. या महिन्यात फार सुट्ट्या झाल्या."

भावजींनी लिहिलं : 'तिघांनाही कोटाची गरज. कोट कपाटात.'

शुक्रवारी दुपारी रखवालदार ट्रंकेजवळ उभा होता. मुलगी ट्रंकेवर बसली होती.

"सुई ओवायला दोन हात लागतात," वहिनी म्हणाल्या. "ह्याने काही शिवलेलं नाही. कोट तीन वेगळ्या माणसांनी नेला, दुरुस्त केला, परत ठेवला. नावं सांगणार नाही."

"नेला तर घातला का नाही?" विश्वस्तांनी विचारलं.

"भावजी, रस्त्यात तुम्हाला काय हाक मारतात?"

भावजींनी वही मिटली. वहिनींनी हे कधीच विचारलं नव्हतं.

"दादाच्या नावाने," ते म्हणाले.

"कोट ओळखू येतो. हा घालून बाहेर पडलं की कुणी दान घेतलं ते गल्लीला कळणार. तुम्हाला सगळ्यात आधी."

"मला कसं?"

"किल्ल्या अस्तरात उतरतात, हे टांगलेला कोट बघून कळत नाही. वर्षानुवर्षं घालून कळतं. कोट तुमचा. दिलात, पण सोडला नाहीत. गेला का, कुणाच्या अंगावर दिसतो, दर आठवड्याला बघत राहिलात."

विश्वस्त जमिनीकडे बघत होते. "मग शिवला कशाला?"

"घेऊन जगणाऱ्यानेही काहीतरी द्यायचं असतं. नियम तुमच्या त्सदाकाचाच. त्यांच्याकडे द्यायला फक्त हात होते."

"ट्रंक वर ने," विश्वस्त रखवालदाराला म्हणाले.

"बरं," तो म्हणाला आणि डाव्या हाताने ट्रंक उचलली. मुलगी आधी उतरली, म्हणून बरं.

"कपाटात तीन कोट ठेवा," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही कधी न घातलेले."

"आणि हा?"

"हा तुम्ही घाला. तीन जणांनी दिलाय. कुणी, ते विचारायचं नाही."

विश्वस्तांनी कोट चढवला. कपाटाला कुलूप लावायला आणलेली किल्ली तशीच उजव्या खिशात टाकली आणि सवयीने वाकून खालची शिवण चाचपली. तिथे काही नव्हतं.

किल्ली खिशातच होती.