जिन्याखालची बटणपट्टी

पहिल्यांदा खटकली ती कडी. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीची लोखंडी कडी, अकरा वर्षं गंजून जागच्या जागी चिकटलेली. त्या रात्री तिला तेल लावलेलं होतं. ताजं. एक थेंब ओघळून दाराच्या लाकडावर आला होता आणि अजून खाली पोचायचा होता.

"थांबा हो काका, कुणाच्या घरची कडी? नीट पहिल्यापासून सांगा की."

वीज गेलेली. इस्त्री गार पडलेली. इस्त्रीवाले काका दुकानाच्या पायरीवर बसलेले आणि समोर कॉलेजातली चार पोरं-पोरी.

"सांगतो. भूत म्हटलं की कसे कान टवकारले सगळ्यांनी! शेजारचं पोर रडतं तेव्हा कुठं असतात हे कान?" काकांनी घसा खाकरला. "शिंपीमास्तरांची मुलगी माहितीये ना? रक्ताच्या लॅबमध्ये आहे ती. तिनंच सांगितलंय मला. आणि थापा मारण्यातली ती बाई नव्हे."

गोष्ट अशी.

गुरुवार होता. रात्रीचे आठ चाळीस. लॅब बंद करून ती तशीच माहेरच्या घरी गेली, भावाची दवाखान्याची फाइल आणायला. खाली बापाचं शिवणकामाचं दुकान, अकरा वर्षांपूर्वी बाप गेल्यापासून बंद. वर एक खोली, तिथं भाऊ राहायचा. नऊ दिवसांपूर्वी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन टाकला. तिसऱ्यांदा. टाकला हा तिचाच शब्द. पहिल्या दोन खेपांना तिला कीव आली होती, या खेपेला तीही उरली नव्हती. घराला कुलूप तिनंच लावलं होतं आणि किल्ली एकच, तिच्या पर्समध्ये.

दुपारी केंद्रातल्या समुपदेशक बाईंचा फोन आला होता. "तुमचे भाऊ आल्यापासून एक अक्षर बोललेले नाहीत. उद्या सकाळी निघतो असं लिहून दिलंय त्यांनी. आम्हाला जबरदस्तीनं ठेवता येत नाही. आणि आता प्यायले तर डॉक्टर महिन्याचीही खात्री देत नाहीत. निदान फाइल तरी सकाळी आणून द्या."

"देते."

"अजून एक. तुम्ही भरून दिलेला कागद बघतेय मी. 'लहानपणी घडलेलं काही' याच्यापुढं तुम्ही लिहिलंय, 'विशेष काही नाही'."

"मग नाहीच काही."

"एकदा आठवून..."

"अहो बाई, ओरडा सगळ्यांनाच बसतो. मलाही बसला. मी पिते का?"

फोन ठेवून ती समोरच्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधायला वळली. लहानपण म्हणे! बाटली लपवायला जागा उरली नाही की हे लोक लहानपणामागं लपवतात. रोज बघायची ती असली माणसं. हात थरथरतायत, शीर सापडत नाही, आणि तोंडानं मात्र 'ताई, मला समजूनच घेतलं नाही कुणी'. समजून काय घ्यायचंय त्यात? वास येतो की लांबून.

"बरोबरच बोलत होती की ती," पायरीवरचा एक जण म्हणाला.

"बरोबर?" काकांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो सरकून बसला. "मास्तर कसे होते ऐक. साऱ्या शाळांचे गणवेश त्यांच्याकडं. टाका वाकडा जायचा नाही. आणि पोराचा गेला, की पोर जिन्याखाली. अंधारात. बरोबर कापडाची एक पट्टी, सुई-दोरा आणि वीस बटणं. चाचपडत लावायची. 'बोटांना डोळे फुटले पाहिजेत' म्हणायचे. बोटाला सुई टोचून कापडाला रक्त लागलं की नवी पट्टी, पुन्हा पहिल्यापासून. त्या कडीला दर रविवारी मशीनचं तेल. आवाज होऊ नये म्हणून. आपण कोंडलेले आहोत की सुटलो, हे आतल्याला कळताच कामा नये."

"आणि पोरगं ओरडायचं नाही?"

"आतून हाक मारायची नाही, हा नियम. बहीण बाहेर पायरीवर बसायची, सात वर्षांची. तिनं विचारायचं, 'दादा, झालं?' त्यानं म्हणायचं, 'झालं' आणि पट्टी दाराखालून सरकवायची. मग ती बापाला नेऊन दाखवायची, बाप एकेक बटण ओढून बघणार, मग कडी निघणार. आणि आम्ही सगळे काय म्हणायचो? शिस्त असावी तर मास्तरांसारखी!" काका बाजूला थुंकले. "एका सकाळनंतर ते पोर थरथरायला लागलं. दिवसाउजेडी. का ते कुणी विचारलं नाही. मास्तरांच्या दुकानातल्या इस्त्रीवाल्याला दया आली. त्यानं बाटलीचं एक झाकण पाजलं पोराला. तेरा वर्षांचं पोर. काय म्हणालं माहितीये? 'काका, आतल्या भिंती लांब गेल्या.'"

कुणीतरी हळूच विचारलं, "काका... तो इस्त्रीवाला म्हणजे..."

गार इस्त्री काकांनी उगाच एकदा इकडची तिकडं ठेवली.

मग पुढं बोलू लागले.

तर ती कडी. मोबाइलच्या उजेडात तिनं बोट लावून बघितलं, वास घेतला. मशीनचं तेल. केंद्रात जाण्याआधी भावानंच पिऊन लावलं असणार, असं म्हणून तिनं बोट भिंतीला पुसलं. नऊ दिवसांत थेंब वाळतो, हे तिला कळत होतं. पण दारुड्यावर ढकललं की कुठलीही गोष्ट बसते.

वर गेली. खोलीची दशा बघून नाकाला रुमाल लावला. गादीखाली बाटली, उशीच्या अभ्र्यात बाटली. "शोभा आहेस घराची," ती मोठ्यानं म्हणाली. फाइल उचलली. उतरायला लागली.

पाचव्या पायरीवर ऐकू आलं.

सर्रर्र... तुट्.

ती थांबली. उंदीर असेल.

सर्रर्र... तुट्.

कापडातून दोरा ओढल्याचा आवाज. मग दातांनी तोडल्याचा. हे दोन आवाज ती झोपेतसुद्धा ओळखेल. तिच्या पायाखालीच. जिन्याच्या आत.

तिनं केंद्राला फोन लावला. तो तिथंच आहे ना, एवढंच विचारायचं होतं. रिंग वाजत राहिली. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. तिसऱ्यांदा... नाही.

सर्रर्र... तुट्.

आपण मोजतोय, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. सोळा. लहानपणी इथंच बसून मोजायची. याच पायरीवर.

सतरा.

आणि मग ती रात्र आठवली. आठवली कसली, कधी विसरलीच नव्हती. नुसती लिहायची टाळली होती. दादानं काज करायच्या सरावाला तिच्या बाहुलीचा झगा कापला होता. ती फुगली होती. आई माहेरी गेलेली. दादा आत होता, आणि तिनं ठरवलं, आज विचारायचंच नाही. बस म्हणावं. ती वर गेली. अंथरुणात शिरली. आणि झोपली. बापाला वाटलं, पोराचं अजून झालं नाही.

अठरा.

सकाळी कडी निघाली तेव्हा दादा भिंतीला टेकून बसलेला. वीसच्या वीस बटणं लावलेली पट्टी मांडीवर. आणि स्वतःची मूठ तोंडात कोंबलेली. हाक निघू नये म्हणून. मुठीवर दातांचे वण.

तो तिला कधी काही बोलला नाही. तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

विशेष काही नाही.

एकोणीस.

ती खाली आली. दारासमोर उभी राहिली. हातातली फाइल गळून पडली, तिनं उचलली नाही. दिवसभर त्याच माणसाला ती तोंडभर नावं ठेवत होती. स्वतःचीच किळस आली तिला.

सर्रर्र...

तुट्.

मग काहीच नाही.

"दादा..."

काहीच नाही.

"दादा... झालं?"

उत्तर आलं नाही. दाराखालून काहीतरी सरकत बाहेर आलं. हळूहळू. तिच्या चपलेला टेकून थांबलं.

कापडाची पट्टी. गणवेशाच्या पांढऱ्या कापडाची. वीस बटणं. तिनं एकेक ओढून बघितलं. बापासारखंच. एकही ढिलं नव्हतं. शेवटच्या बटणाचा दोरा ओला होता. तोंडातून नुकताच काढल्यासारखा.

तिनं कडी ओढली. आवाज झाला नाही.

आत कुणी नव्हतं. अकरा वर्षांची धूळ. धुळीवर उंदराचं पाऊलसुद्धा नाही.

तिथंच उंबऱ्यावर बसून तिनं पुन्हा केंद्राचा नंबर लावला. एका हातात पट्टी घट्ट धरलेली. आता तिला चौकशी करायची नव्हती. तो कागद बदलायचा होता. लिहून घ्या म्हणायचं होतं. झगा, अंथरूण, कडी, मूठ, सगळं. रिंग गेली. बराच वेळ गेली. बंद पडली. पुन्हा लावला. पुन्हा बंद पडली. तिनं पुन्हा लावला. सकाळपर्यंत लावत बसायची तिची तयारी होती.

आणि फोन उचलला गेला.

"हॅलो? मी बोलतेय... तो कागद..."

पलीकडं नुसता श्वास. मग आवाज आला, नऊ दिवस न वापरलेला, खरखरीत.

"झालं होतं गं केव्हाच. तू विचारलंच नाहीस."