तीस सेकंदांची शांतता

“रिकाम्या खोलीत रेकॉर्ड काय करायचं, सर? भिंतींच्या गप्पा?” एका पोराने खोडी काढली. अंधार पडला होता. सिनेमा शिकणारी पाच-सहा पोरं ध्वनीच्या मास्तरांभोवती बसली होती. मास्तर हसले नाहीत.

“माझ्याच एका विद्यार्थिनीचं सांगतो,” ते म्हणाले. “मग हसायचं तर हसा.”

मागच्या मार्चचा दुसरा मंगळवार. रात्रीचे पावणेनऊ. ती एका छोट्याशा कामाला निघाली होती. तिच्या पहिल्या सिनेमाच्या शेवटी रिकामा पाळणा हलतो. तिला तिथे बासरी हवी होती. मास्तर म्हणाले होते, “वाद्य नको गं. त्या खोलीची शांतता घाल, तेच संगीत.” प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, ती तिथेच जाऊन घ्यावी लागते. शूटिंगच्या धांदलीत नेमकी तीच राहिली. सिनेमा सकाळी दहाला द्यायचा, नाहीतर वर्ष गेलं. सासूबाईंनी बजावलंच होतं, “हे शेवटचं खूळ हं. मग पोराकडे बघ.”

नवरा रात्रपाळीला, सासूबाई नणंदेकडे. म्हणून सात महिन्यांचं बाळ झोळीत, छातीशी बांधलेलं. गाढ झोपलेलं.

शूटिंगची ती भाड्याची खोली उघडून तिने पंखा बंद केला, माइक लावला, कानाला हेडफोन चढवले. डोळे मिटले. डोळे मिटले की कान उघडतात, ही मास्तरांचीच शिकवण. तीस सेकंद हलायचं नाही. कपडा सळसळला तरी सगळं वाया.

एक... दोन... तीन...

दहाव्या सेकंदाला कोणीतरी गुणगुणलं.

बाईचा आवाज. लांबून. पाळण्याच्या लयीत.

शेजारचं कोणी असेल, ती मनात म्हणाली. हलली नाही.

पंधरा. आवाज जवळ आला.

अठरा. माइकच्या पुढ्यात.

वीस. आता तो हेडफोनमध्ये नव्हता. समोर होता.

आणि छातीवरचं ओझं... हलकं झालं.

मास्तर थांबले.

“मग तिने डोळे उघडले ना, सर?”

“नाही.”

“का?”

“दहाच सेकंद उरले होते.”



पंचवीस. बाळ हसलं. तिच्या छातीशी नाही... वर कुठेतरी.

अठ्ठावीस... एकोणतीस...

तीस.

ओझं परत आलं. गुणगुणणं थांबलं. तिने डोळे उघडले. खोलीत कोणी नाही. बाळ झोळीत, गाढ झोपलेलं. माइक तिथेच टाकून ती धावत सुटली ती थेट घरी.

दिव्याखाली तिने बाळाला नखशिखान्त पाहिलं. ओरखडा नाही, काही नाही. जीव भांड्यात पडला. कपडे बदलायला हात घातला... आणि तिथेच थबकली.

झबल्याचं वरचं बटण आठ दिवसांपासून तुटलेलं होतं. शिवू शिवू म्हणत राहूनच गेलं होतं.

ते शिवलेलं होतं. काळ्या दोऱ्याने, घट्ट, बारीक टाके घालून.

दोऱ्याचं टोक दातांनी तोडलेलं होतं. अजून ओलं होतं.