काचेच्या आतली वाफ

माझी मावशी खोटं बोलत नाही. उलट इतकं खरं बोलते की नातेवाईक तिच्यासमोर तोंड उघडायला कचरतात. तेव्हा हे खरं आहे. फक्त जेवायच्या आधी वाचू नका.

सोमवार होता. संग्रहालय बंद. दुपारचा एक वाजला होता.

तिथल्या वस्तूंची साफसफाई आणि डागडुजी हे मावशीचं काम. त्या दिवशी समोर आठवड्यापूर्वीच आलेलं एक काचशिल्प होतं. कंबरेएवढं, गुलाबी-पिवळट, फुगलेलं. आतून पोकळ, पण कुठे भोक नाही. कलाकाराने म्हणे त्यात खूप अर्थ भरला होता. मावशीला मात्र ते पोटातून काढलेल्या गाठीसारखं दिसायचं.

त्यावर एक चिकट डाग होता. रोज पुसायचा, रोज यायचा.

"लोक हात लावतात," ती वॉचमनकाकांना म्हणाली.

"बंद असताना कोण लावतंय, मॅडम? फुंकून बनवलंय ते. फुंकणारा वारला, पण त्याची फुंकर आतच आहे की." काका हसत चहाला गेले.

आता या धंद्यातली एक गोष्ट. नाजूक वस्तू थुंकीने पुसतात. खरंच. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा, डागावर फिरवायचा. नियम एकच. फिरवलेला कापूस पुन्हा तोंडात घालायचा नाही.

मावशी घाईत होती. पाळणाघर दोनला बंद व्हायचं. उशीर झाला की तिची चार वर्षांची लेक रडून सगळं पाळणाघर डोक्यावर घ्यायची.

त्या गडबडीत तिने... वापरलेलाच कापूस तोंडात घातला.

कोमट होता.

चव आली ती कुणा आजाऱ्याच्या, कित्येक दिवस न धुतलेल्या तोंडाची. मावशीला शिसारी आली. तिने बेसिनवर दहा चुळा भरल्या. चव जाईना.

परत आली तर काचेवर वाफ धरलेली. तिने पुसली. पुसली जाईना.

कारण ती... आतून होती.

आणि त्या वाफेत, डागाच्या बरोबर मागे, एक ओला पट्टा हळूहळू वर सरकत होता. जिभेएवढा रुंद.

वर गेला. थांबला. पुन्हा खालून सुरू झाला.

मावशीने काड्या-कापूस तिथेच टाकले आणि पाळणाघर गाठलं. राजीनामा फोनवरूनच दिला.

पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठली की तिचं तोंड भरलेलं असायचं... दाट, कोमट थुंकीने. ती तिची नव्हती. डॉक्टर म्हणाले, पित्त आहे.

मावशीने लेकीचे पापे घेणं बंद केलं. उष्टा घास नाही, एका पेल्यातलं पाणी नाही. पोर आजीकडे तक्रार करायची, "आईला माझी घाण वाटते." मावशीचा जीव तुटायचा. "घाण तुझी नाही गं," एवढंच म्हणायची.

तीन महिने तिने हे पाळलं.

मग पोर तापाने फणफणली. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि मावशीला राहवलं नाही. पोरीला छातीशी धरून तिने तोंडभर पापे घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचं तोंड स्वच्छ होतं. आनंदाने तिला रडू फुटलं.

तेवढ्यात पोर उठून आली. ओठ घट्ट मिटलेले... गाल फुगलेले. बेसिनपाशी जाऊन ती कितीतरी वेळ थुंकत राहिली.

"आई," ती म्हणाली, "हे माझं नाहीये."

तेव्हापासून मावशी रोज तिचे पापे घेते. ते परत आपल्याकडे यावं म्हणून. येत नाही.

पोर आता सहा वर्षांची आहे. आमच्याकडे आली की हात पसरून धावत येते. मी गाल पुढे करत नाही. माझीच मला लाज वाटते, पण नाही करत.