तिसरी वाफ

दोष ऐनो कोस्केलाचा. भुताला उगाच बदनाम करायचं नाही, असं स्टिपे बाबिच आधीच बजावतो. टोरांटोच्या उत्तरेला, फिनिश आणि क्रोएशियन खाणकामगारांचं गाव. क्रोएशियन हॉलची मागची खोली, दिवा एकच, समोर खाणीतल्या पाळीवरून सुटलेली चार पोरं.

सोळा नोव्हेंबर २०१९, शनिवार. पारा उणे बावीस. रात्री साडेनऊला सत्तरीचा ऐनो परसातल्या सौनात, म्हणजे वाफ घ्यायच्या लाकडी खोलीत, पाण्याची बादली ठेवायला निघाला. तापल्या दगडांवर पाणी ओतून घ्यायच्या वाफा; फिनिश घरांत दोन घरच्यांच्या, तिसरी मेलेल्यांची. चुलीत लाकडं सारायची, बादलीत पाणी ओतायचा डाव ठेवायचा, दार ओढायचं आणि सकाळपर्यंत तिकडे फिरकायचं नाही.

कोस्केलांकडे ही तिसरी वाफ यूरे बाबिचची. १९५३च्या संपात तो खाणीत उतरला, म्हणून ऐनोच्या बापाने त्याला ह्याच सौनात कोंडून बाहेरून अडसर घातला. सकाळी काढला तेव्हा पाठीची कातडी बसायच्या फळीला चिकटून राहिली. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला हे ठाऊक होतं. फिनिश गप्प, कारण खुनी त्यांचा. क्रोएशियन गप्प, कारण संपफोड्या त्यांचा. स्टिपेही गप्पच, आणि यूरे त्याचा सख्खा चुलता.

ऐनोने दार ओढलं. मागे टापियो उभा होता, त्याचा मुलगा, टोरांटोहून आलेला.

"सोमवारी मी पोलिसांत जाणार, बाबा. आजोबांनी माणूस उकडून मारला."

"संपफोड्या होता तो."

"मग बादली कोणासाठी भरता दर शनिवारी? संपफोड्यासाठी?"

"विम्याच्या ऑफिसात बूड शेकणारा तू. मला शिकवतोस?"

"तुमचा बाप खुनी आणि तुम्ही भेकड. जन्मभर नुसतं पाणी भरलंत!"

ऐनोने सरपणातला ओंडका उचलून त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, दोन दात बर्फावर पडले. दुसरा घाव कानशिलावर. टापियो कोसळला. ऐनोने केसांना धरून त्याला फरफटत आत लोटलं आणि अडसर घातला.

"बस दहा मिनिटं. घामाबरोबर माजही उतरेल."

आतून धक्के.

"उघडा, बाबा."

मग धक्के थांबले.

"बाबा... इथे कोणीतरी बसलंय."

तापल्या दगडांवर पाणी पडलं. चर्रर्र.

"नाटकं बंद कर!"

चर्रर्र. पुन्हा. पुन्हा.

"मी नाही ओतत, बाबा! मी नाही..."

ऐनोने अडसराला हात घातला. गारठलेलं लोखंड. तळहाताची साल त्यालाच चिकटली. ओढला. हलेना. कुऱ्हाड आणली. घाव घातला. एक. तीन. सात. दाराची फळी फुटेना. आत किंकाळी... मग घोगरा श्वास... मग दगडांची तेवढी चर्रर्र...

मग तीही नाही.

अडसर आपोआप बर्फात पडला. दार उघडलं.

टापियो खाली पडला होता. चेहरा ओळखू येत नव्हता. बोटांची नखं दाराच्या आतल्या बाजूला रुतलेली.

स्टिपे थांबतो. एक पोरगा विचारतो, "आणि तो दुसरा?"

"बसायच्या वरच्या फळीवर माणूस बसल्याच्या ओल्या खुणा उमटल्या होत्या. दोन. शेजारी शेजारी. पहिली तासाभरात वाळली."

"दुसरी?"

"परवाच हात लावून आलो. ओली आहे अजून. आणि गरम."



ऐनोला मूल तेवढं एकच होतं. आणि यूरेच्या खुनाबद्दल तोंड उघडायला निघालेला माणूसही तेवढाच एक.